वाचकांचे प्रश्न, विज्ञानकथा लेखिकेची उत्तरं

(या महिन्यात उत्तरं देतायत सोलापूरच्या एक विज्ञानकथा लेखिका.)

प्रश्न : ताई, मी आर्ट्सला आहे, सायन्स दहावीनंतर सुटलं. तरी विज्ञानकथा लिहायला जमेल का? आणि तुम्हाला हे सगळं सुचतं कुठून? (विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : जमेल की! डिग्री कुणी विचारत नाही, एखादी वस्तू चालते कशी हे नीट बघायची सवय मात्र पाहिजे. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले, गल्लीत दिवसरात्र मागाचा खडखडाट, आणि चादरीच्या मागावर वर जेकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, बसवलेलं असतं ते तू बघितलं नसशील तर एकदा ये आणि बघच. पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींना जोडून लांब माळ केलेली असते, प्रत्येक पट्टीला भोकं. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि तिचा हुक वर उचलला जातो, त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो, भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो, मग धोटा आडवा धागा घेऊन पळतो, पट्टी सरकते, पुढची ओळ. असं करत करत चादरीवर मोर उमटतो. म्हणजे हो किंवा नाही, एवढ्यावर अख्खा मोर लिहून ठेवलाय! जाकार नावाच्या फ्रेंच माणसानं 1804 च्या सुमाराला हे यंत्र बसवलं आणि पुढं चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणिताच्या यंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, असलीच कार्डं वापरायचं ठरवलं. कॉम्प्युटरच्या घराण्यातलं यंत्र आपल्या गल्लीत चादरी विणतंय, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

माझी एक गोष्ट इथूनच निघाली. बंद कारखान्यात जुन्या कार्डांची माळ सापडते, मागावर चढवली तर नक्षी काहीच नाही, पण भोकांचा क्रम कुणीतरी मुद्दाम लिहिल्यासारखा. बाकी सगळं खरं, तेलाचा वास, मालकाची उधारी, कामगारांचं तेलुगू, खोटी फक्त ती एक माळ. एकच गोष्ट बदलायची. चार बदलल्या की वाचकाचा विश्वास उडतो.

प्रश्न : रोज किती लिहिता? (पंढरपूर)

उत्तर : पहाटे, वहीत, पेननं. उन्हाळ्यात दहानंतर आमच्याकडं डोकंच चालत नाही, मग दुपारी नुसतं टाइप करायचं.

प्रश्न : तुमच्या मंगळावरच्या गोष्टीत आई आणि मुलगा फोनवर का बोलत नाहीत, नुसते निरोप का पाठवतात? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : फार चांगलं पकडलंत! मंगळापर्यंत रेडिओ संदेश जायला अंतराप्रमाणं साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. आईनं 'जेवलास का' विचारलं तर उत्तर यायला कमीत कमी सहा मिनिटं, आणि ग्रह लांब असतील तर जवळजवळ पाऊण तास. यात भांडणसुद्धा नीट होत नाही हो. तिनं रागावून काही बोललं, लगेच वाईट वाटलं, पण शब्द तर निघून गेले, आता तिनं पाठवलेली माफी त्या रागाच्या मागोमाग चाललीय आणि आधी पोचणार राग. मला ती गोष्ट इथंच सापडली, रॉकेट वगैरे नंतर आलं.

प्रश्न : लिहिण्यासाठी फिरता का? परदेशात? (वाचक, लातूर)

उत्तर : फिरते, पण जास्त महाराष्ट्रातच. लोणारला परत परत जाते. उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात झालेलं जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर आहे ते, तळं खारं, आणि काठावरच्या धारेचं पाणी मात्र गोडं. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा लोकांनी काय काय तर्क लढवले, तपासणीत खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव निघाले. मला हे उत्तर सगळ्या तर्कांपेक्षा भारी वाटतं. दुसरं म्हणजे नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, पण पत्रा नाही, तारेची जाळी ताणून बसवलेली, म्हणजे वारा आरपार जातो आणि वजन, खर्च दोन्ही कमी. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळी पुरते. विणकराच्या घरातल्या पोरीला ती बघून काय वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा. विज्ञान दिनाच्या, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास तिथं लोकांना आत जाऊन बघता येतं, मुलांना न्याच.

प्रश्न : करमणूक काय आवडते? (सोलापूर)

उत्तर : नाटक, हुतात्मा स्मृती मंदिरात चांगलं लागलं तर सोडत नाही. पण सगळ्यात जास्त गड्डा! जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, आणि होम मैदानावर मौत का कुआं, म्हणजे फळ्यांच्या विहिरीत उभ्या भिंतीवरून गाडी गोल पळवायचा खेळ. पोरं ते धाडस म्हणून बघतात, मला त्यातलं गणित वेडं करतं. गाडी गोल फिरते तेव्हा भिंत तिला आत ढकलत असते, जितका वेग जास्त तितकं ढकलणं जास्त, आणि तितकंच टायरचं भिंतीशी घर्षण वाढतं, ते घर्षणच गाडीला खाली पडू देत नाही. वेग कमी झाला की घसरलीच. तिकीट काढून वर जायचं आणि गाडी आपल्या बाजूला आली की कठड्याला हात लावून बघायचं, फळ्या कशा धडधडतात ते! चंद्रावर गुरुत्वाकर्षण सहावा हिस्साच, तर तिथं ही गाडी किती हळू चालवली तरी टिकेल, हे मी सध्या कागदावर मांडतेय, पुढची गोष्ट चंद्रावरच्या गड्ड्याची आहे.