आरसी ट्रकला सगळे पार्ट मेटलचे बसवावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: मालवणला राहतो, मुलाला १:१६ स्केलचा, रिमोटवर चालणारा (आरसी) फोर बाय फोर ट्रक घेऊन दिला, महिन्याभरात एक्सलमधले प्लॅस्टिकचे गियर गेले, तर आता ऑनलाइन मिळतं ते अख्खं मेटल किट मागवू का?

नका मागवू. मी रत्नागिरीचा, आणि ते निळंशार चकचकीत किट मी मागवून बसलोय.

गियर मात्र स्टीलचेच घ्या, त्यात दुमत नाही. चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या भागांवर पैसे घाला: एक्सलमधले गियर, ड्राइव्हशाफ्ट आणि बुशच्या (साध्या कड्यांच्या) जागी बॉल बेअरिंग. मोटरचा पिनियन, म्हणजे तिच्या दांड्यावरचा छोटा गियर, बसवताना दोन गियरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून दाबायचं, स्क्रू आवळायचे आणि पट्टी ओढून काढायची. तेवढी फट पुरते. पट्टी फाटली तर गियर फार घट्ट बसलेत.

बाहेरचे लिंक (एक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्या), बंपर, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे आधार प्लॅस्टिकचेच राहू देत. प्लॅस्टिक वाकतं आणि परत जागेवर येतं. मी सगळं अ‍ॅल्युमिनियमचं केलं आणि आमच्या पाखाडीवरून ट्रक उतरवताना पुढचं चाक चिऱ्यावर आपटलं. लिंकला ओरखडासुद्धा नाही, पण सर्व्होच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या यंत्राच्या, आतले दात साफ गेले. धक्का कुठेतरी जाणारच ना! शंभर रुपयांचा तुकडा वाचवला आणि त्याच्या कैक पटीने महागडा सर्व्हो घालवला.

शिवाय वजन. नायलॉन घनसेंटिमीटरला साधारण १.१ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम २.७, पितळ ८.५ च्या आसपास. छोट्या मोटरला हा भार जाणवतो. दहा मिनिटांत तिला हात लावता येत नाही इतकी तापते. पितळ घालायचंच तर पुढच्या एक्सलवर, चाकांजवळ, खाली. चढावर नाक उचललं जात नाही. टपावर धातूचं कॅरियर लावलंत तर गडग्याच्या पहिल्या दगडावर ट्रक उताणा.

आता आपल्याकडची खरी भानगड: खारं पाणी. अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टला स्टेनलेसचे स्क्रू असतात, आणि दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मच्छीमार बोटीला खालून जस्ताचे ठोकळे लावतात ना, ते याच कारणासाठी: खायचं तर जस्त खा, बोट नको. मी आमच्या मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूत ट्रक फिरवला आणि नुसता फडका मारून ठेवून दिला. पावसाळ्यानंतर उघडतो तर स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी, आणि अ‍ॅलन की नुसती गरगरतेय. शेवटी ड्रिल मारून स्क्रू काढला, त्यात पार्टही गेला. ती काळी वाळू चुंबकाला चिकटते, त्यामुळे मोटरच्या भोकांतून आत शिरली की बाहेर निघायचं नाव घेत नाही. तुमच्याकडची वाळू पांढरी आहे, तेवढं बरं.

धातूत धातूचा स्क्रू असेल तिथे निळं थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब लावा. स्क्रू सुटत नाही आणि आट्यांत पाणीही कमी शिरतं. प्लॅस्टिकला ते लावू नका, तडे जातात. किनाऱ्यावरून आल्यावर बॅटरी काढायची, जुन्या टूथब्रशने वाळू झाडायची, गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, पंख्याखाली वाळवायचं आणि बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल. हे काम मुलाकडे द्या. माझा भाचा पहिले दोन आठवडे मनापासून करत होता.

गियर मागवण्याआधी जुन्या गियरचे दात मोजा आणि मधलं भोक किती मिलिमीटरचं आहे ते बघा. एकाच ट्रकच्या दोन आवृत्त्यांत ते वेगळं निघतं, आणि परत पाठवायचा कुरियर खर्च आपल्याच गळ्यात पडतो.