२००१चा ‘घोस्ट रिकॉन’ आज पुन्हा खेळण्यासारखा आहे का?

सैनिकांची तुकडी चालवायचा हा गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालतो का आणि इतक्या वर्षांनी मजा येते का, असं तुम्ही विचारलंय. चालतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतो, रेझोल्यूशनशी थोडी झटापट करावी लागते. मजेचं म्हणाल तर क्विकसेव्हच्या बटणापासून (खेळ आहे तिथे जपून ठेवायचा, माणूस मेला की तिथूनच पुन्हा ‘लोड’ करायचा) हात किती लांब ठेवता त्यावर आहे.

यावरून माझं आणि एका मित्राचं जुनं भांडण आहे. मी खेळत होतो, तो मागे बसून सल्ले देत होता. पहिल्या मोहिमांपासून वाढवलेला माझा एक स्नायपर होता. मोहिमेतून जिवंत परतलेल्याला गुण मिळतात आणि ते नेमबाजी, लपणं, दम, नेतृत्व यांत वाटायचे असतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मी त्याचे जवळजवळ सगळे लपण्यात ओतले होते. ब्राव्हो या दुसऱ्या तुकडीला ‘सप्रेस’वर, म्हणजे शत्रूला दबवायला गोळ्या झाडत राहण्याच्या हुकुमावर ठेवून तिच्यातल्या सपोर्टवाल्याच्या एम-२४९ मशीनगनच्या आडोशाने त्याला उतारावरून खाली नेत होतो. झाडीतून एक गोळी आली आणि संपला. कुठून आली तेही दिसलं नाही. या गेममध्ये असंच होतं. हातातली बंदूक पडद्यावर दिसत नाही, दिसतं ते फक्त निशाण, आणि पुरा जीव एक-दोन गोळ्यांचा.

मित्राचा हात थेट कीबोर्डकडे. “लोड कर, लोड कर!” मी हात ढकलला. उरलेल्या रायफलमनला घेऊन झाडीला लांबून वळसा घातला, सपोर्टवाला तिकडे गोळ्या ओततच होता. मोहीम झाली. पुढच्या मोहिमेला यादीत तो स्नायपर नव्हता. कोरा माणूस घ्यावा लागला. जरा हलला की निशाण फाकायचं आणि स्थिरावायला वेळ घ्यायचं, म्हणून पुढचे सगळे रस्ते मला नव्याने आखावे लागले. त्या मोहिमा मला आजही गल्लीबोळासकट आठवतात.

मित्राचं म्हणणं, गेमनेच सेव्ह दिलंय, मग वापरलं तर चोरी कसली? चोरी नाहीच. पण मग अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशा तीन तुकड्या कशाला हव्यात? एकच माणूस पुढे पाठवायचा, मेला की लोड. तो रेड स्क्वेअरपर्यंत, म्हणजे शेवटच्या मोहिमेपर्यंत, एकही सैनिक न गमावता पोचला, हे अजून ऐकवतो. त्यातल्या एकाचंही नाव त्याला सांगता येत नाही.

नव्या भागांत हा प्रश्नच ठेवलेला नाही. २०१७च्या वाइल्डलँड्समध्ये पडलेल्याला उठवता येतं. २०१९चा ब्रेकपॉइंट तर एकट्याने खेळणाऱ्याला सोबती न देताच आला, लोकांनी ओरड केल्यावर २०२०मध्ये दिले. तुकडीच्या गेममध्ये तुकडी नंतर!

कथेकडून फार अपेक्षा नको. २००८ साली जॉर्जियात रशियन सैन्य, तिथून पुढे मॉस्कोपर्यंत, एवढीच मांडणी. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे खरंच युद्ध झालं, ते अंगावर येतं.)

हो, हे आधी सांगायला हवं होतं: सोबत्यांची अक्कल बेताचीच आहे. दारात अडकतात, उघड्यावर उभे राहतात. त्यामुळे काही मरणं सरळसरळ गेमच्या चुकीने होतात आणि तेव्हा चिडून लोड केलंत तर मी काही म्हणणार नाही. मित्राला हे सांगू नका. जुनाट ग्राफिक्स पाहून नाक मुरडणार असाल तर मात्र घेऊच नका.

दुय्यम उद्दिष्टं सोडू नका, स्पेशालिस्ट, म्हणजे आधीच तयार असलेले खास सैनिक, त्यातूनच मिळतात. ते आले की लगेच सगळी तुकडी त्यांचीच करायचा मोह होतो. करू नका, दोन साधे सैनिक सोबत वाढवत राहा. स्पेशालिस्ट पडला की ते लागतात.