महापालिका शाळेत मदतनीस किंवा शिपाई म्हणून लागायला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते का? (ऐरोली)

नाही, तुमच्या वहिनींना टीईटी लागणार नाही आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नोंदणीही करावी लागणार नाही; ते दोन्ही शिक्षकांसाठी आहे. शिपाई, मदतनीस, सफाई ही कामं हल्ली बहुतेक वेळा ठेकेदारामार्फत भरली जातात. त्यामुळे आधी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा: सध्या ठेका कोणाकडे आहे? मुलाच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य असताना हे सगळं जवळून पाहिलंय.

पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मात्र आत्ताच करून ठेवा. ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ती नुसती कागदावरची औपचारिकता राहिलेली नाही, आणि नसावीच. रुजू होताना पगार किती ते सगळेच विचारतात. वहिनींनी पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) यूएएन म्हणजे खाते क्रमांक आणि ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्डही मागावं. ‘नंतर देतो’ म्हणणारा ठेकेदार सहसा देत नाही.

प्रशिक्षण म्हणाल तर अनेकदा जूनमध्ये शाळा उघडताना एखादी दुपार, बाकी जुन्या मावशींकडून शिकायचं. पण दोन गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्याव्यात: लहान मुलांना शौचालयात नेण्याचा शाळेचा नियम काय, आणि मुलाने काही वाईट सांगितलं तर कोणाला कळवायचं. पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 नुसार कळवण्याची जबाबदारी मदतनिसावरही असते. मुलांसाठीची मदतवाहिनी, चाइल्डलाइन: 1098.

हे कंत्राटी कामापुरतं. महापालिकेच्या कायम पदांची जाहिरात वेगळी निघते. तिथे शिक्षण, वय आणि आरक्षणाच्या अटी जाहिरातीतच पाहाव्या लागतील.