मे महिन्यात नांदूरमध्यमेश्वरला जा

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर आणि तिथल्या पक्षी अभयारण्यावर लिहायचं ठरवलंस आणि पक्षी जरा बाजूला ठेवून त्या जागेच्या कामधंद्याचा 'भूतकाळ' शोधायचा म्हणतेस, हे मला आवडलं. पक्ष्यांवर लिहिणारे आपल्या जिल्ह्यात उदंड आहेत, आणि चांगलं लिहितात. फक्त तुझ्या टिपणातलं एक वाक्य आताच खोड: 'माणसाने सोडून दिलेली जागा निसर्गाने परत घेतली.' परत कसली घेतली? बंधारा व्हायच्या आधी तिथे दलदल नव्हतीच. वाहती गोदावरी होती आणि तिला येऊन मिळणारी कादवा होती. आणि माणसाने ती जागा सोडली म्हणावं, तर डावा आणि उजवा कालवा आजही तिथूनच निघतात, आवर्तनं, म्हणजे शेतीला पाळीपाळीने सोडायचं पाणी, आजही सुटतात, आणि दर पावसाळ्यात तिथून जायकवाडीकडे किती क्युसेक विसर्ग चाललाय याच्या बातम्या तू लहानपणापासून ऐकतेस. जुनी गिरणी बंद पडली नि भिंतीतून पिंपळ उगवला, अशातली ही गोष्ट नव्हे. हा कारखाना चालू आहे आणि त्याच्याच आवारात रोहित पक्षी उतरतात. एवढं धरून ठेवलंस तर बाकीचं हळूहळू उलगडेल.

सुरुवात दुष्काळापासून कर. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ दख्खनवर कोसळले. त्यानंतर १९०१ मध्ये सरकारने सिंचन आयोग नेमला, अध्यक्ष सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ, आणि १९०३ मध्ये त्याचा अहवाल आला. घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि पन्नास-साठ मैल पूर्वेला प्यायला पाणी नसतं. तेव्हा घाटाजवळ साठवा आणि पूर्वेकडे न्या, असा त्यातला दख्खनपुरता विचार. गोदावरीचे कालवे, प्रवरेचे कालवे, नीरेचा उजवा कालवा ही सगळी कामं त्या विचारातून उभी राहिली.

आपल्याकडची रचना नीट समजून घे, कारण इथेच बहुतेक लेख घसरतात. नांदूरमध्यमेश्वरचं काम पाणी साठवण्याचं नाही. पाणी अडवून त्याची पातळी उचलायची आणि दोन्ही काठांच्या कालव्यांत घालायची, एवढंच त्याचं काम. साठा वर, इगतपुरीकडे. नांदगावचं दारणा धरण १९१६ ला पुरं झालं. इंग्रजी कागदांत त्या जलाशयाला लेक बील म्हटलेलं सापडेल. तिथून सोडलेलं पाणी दारणेच्या पात्रातून निघतं, दारणा सांगवी या गावाजवळ गोदावरीत येतं आणि नदीनेच बंधाऱ्यापर्यंत पोचतं. म्हणजे मधल्या सगळ्या अंतराला नदीच पाट. बंधारा १९०७ ते १९१३ या काळातला, म्हणजे धरणाच्याही आधीचा. तेव्हा 'धरण बांधलं आणि अभयारण्य झालं' असं ढोबळ लिहू नकोस. कुठलं बांधकाम, कशासाठी, कुणाच्या आधी, हे वेगवेगळं मांड.

जाता जाता एक. विश्वेश्वरय्यांची मुंबई सरकारातली नोकरी १८८४ मध्ये नाशिकातून सुरू झाली, हे खरं. पण तेवढ्यावर हा बंधाराही त्यांनीच बांधला असं कुणी ठासून सांगितलं, तर नम्रपणे म्हण की काका, कागद दाखवा. आपल्याकडे दगडी बंधारा दिसला की त्यांच्या नावावर चढवायची हौस फार.

आता गाळाकडे ये. हा तुझ्या लेखाचा गाभा आहे, इथे हात आखडू नकोस. वाहती नदी अडवली की तिचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की पोटातली माती ती खाली टाकते. गोदा आणि कादवा दोघी पावसाळ्यात काळी माती घेऊन येतात. दरवाजे उघडून त्यांच्या पुढ्यातला गाळ ढकलता येतो, पण फुगवट्यातला, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यातला, आतला गाळ तिथेच बसतो. वर्षानुवर्षं बसत गेला. आमच्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत हा निव्वळ तोटा: पाणी धरायची जागा गेली. त्याच तोट्यातून बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणकणीस माजलं. शेकाट्या पक्ष्याला उभं राहायला वीतभर पाणी लागतं, थापट्या बदकाला चोचीने गाळून काढायला पातळ चिखल लागतो, जांभळ्या पाणकोंबडीला लपायला पाणकणीस लागतं. खोल, स्वच्छ, अभियंत्याच्या मनासारखा जलाशय राहिला असता तर यातलं फार थोडं आलं असतं. १९८६ ला अभयारण्य जाहीर झालं, जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून १,४३७ हेक्टरांची नोंद जाहीर झाली. त्या सगळ्याच्या तळाशी हा तोटा आहे.

म्हणून म्हणतो, मे महिन्यात जा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर गर्दी करणारे पुष्कळ. त्या दिवसांत पाणी सगळं झाकून बसलेलं असतं. उन्हाळ्यात पातळी उतरली की जागेचा सांगाडा दिसतो. एखाद्या बेटाची कड पाण्याने कापलेली असेल तिथे उकिडवी बस आणि थर बघ. खाली जाडसर, हाताला चरचरणारी रेती, वर बोटाला लोण्यासारखी लागणारी काळी माती, मग पुन्हा रेतीची बारीक रेघ. मोठा पूर आला की भरड माल आधी बसतो आणि पाणी निवळताना बारीक. मधूनच शिंपल्यांचा चुरा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा सापडेल. जिथे पिशवी सापडली त्याच्या वरचा गाळ तुझ्या आईबापाच्या हयातीतला, एवढा अंदाज तुला जागेवर बसून बांधता येतो. एक मात्र सांभाळ. वरून भेगा पडलेला गाळ वाळलेला वाटतो. पापुद्र्याखाली गुडघाभर, कधी कमरेएवढा चिखल असतो. गावातला मासेमारी करणारा माणूस बरोबर घेतल्याशिवाय त्यावर पाय टाकू नकोस, आणि वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय आत शिरू नकोस.

बंधाऱ्याचा दगडही असाच जवळून बघ. फोटो काढून पुढे निघणारे फार. तू दोन दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, बघ. चुन्याची दर्ज पांढुरकी, थोडी पिवळट, नखाने खरवडली तर कण सुटतात. नंतर सिमेंटने भरलेली राखाडी आणि टणक. कुठे कुठे दुरुस्ती झाली हे असं नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं. काळ्या पाषाणावर छिन्नीचे टाके दिसतात. कडेला नेमके, सरळ, आणि मधल्या पोटाला ओबडधोबड. दगड दगडावर बसतो ती कड घडवायची, बाकीवर मेहनत घालवायची नाही, हा घडणाऱ्याचा हिशेब. त्या काळी चुना बैल जुंपलेल्या घाणीवर मळत. गोल चरात दगडी चाक फिरायचं. कालव्याच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात असं चाक पडलेलं दिसलं तर व्यास, जाडी आणि मधल्या भोकाचं माप घे. लोक त्याला जातं समजतात.

हे दगड घडले कुणी, माती उपसली कुणी, हा प्रश्न लेखात यायलाच हवा. आपल्या भागातली दगडमातीची अवघड कामं वडार समाजाने केली, आणि कोनशिलेवर त्यांचं नाव शोधून सापडत नाही. माणसांकडे जाताना 'इतिहास सांगा' म्हणू नकोस. इतिहास म्हटलं की लोक मृगव्याधेश्वर, राम आणि मारीच सांगतात. ते ऐक, लिहून घे, ती गावाची स्वतःची गोष्ट आहे. पण मग पाण्याचं विचार. तुमची पाळी रात्री यायची की दिवसा? चारीचं, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याचं, दार कोण उघडायचं? पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज कुणाकडून भरून घ्यायचात? गाळपेराला, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरायला, कोणती जमीन मिळायची, त्यात काय पेरायचात? अशा प्रश्नांवर म्हातारा माणूस तासभर बोलतो. जुना पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारा माणूस, भेटला तर चहा पाजून बसव; एका चारीवर कुणाकुणाची भांडणं होती हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. नावं मात्र विचारल्याशिवाय छापू नकोस. पाण्याची भांडणं तीन पिढ्या जिवंत राहतात.

तिथून कालव्याच्या कडेने पूर्वेला जा, निदान कोपरगाव-राहात्यापर्यंत. बंधारा नाशिक जिल्ह्यात, पण त्याच्या पाण्यावर उभा राहिलेला धंदा बराचसा तिकडे आहे. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवायला कालवे काढले आणि पाणीपट्टी परवडणारं पीक निघालं ऊस. आधी गुऱ्हाळं होती, गूळ होता, मग साखर कारखाने आले. १८७८ पासून दौंड-मनमाड रेल्वे कोपरगावावरून जातेय, म्हणजे माल हलवायची सोय होतीच. साकरवाडी, ती साखर कारखान्याची वस्ती, बघून ये. आणि त्याच वाटेवर चोपण पडलेली जमीनही बघ, पांढरं मीठ फुटलेली. काळ्या जमिनीला पाणी जास्त झालं आणि निचरा नसला की हे होतं. दख्खनच्या कालव्यांवर हा त्रास इतक्या लवकर दिसला की इंग्लिस नावाचे अभियंते १९१६ च्या सुमारापासून त्याच्याच मागे लागले होते. पक्ष्यांना जे अति पाणी मानवलं ते खालच्या शेतांना मानवलं नाही, हे दोन्ही एकाच लेखात आलं पाहिजे.

वरच्या अंगाला चांदोरी-सायखेड्यालाही जा. फुगवट्याने आमच्या गावात पूर चढतो, हे तिथे तुला रागाने सांगतील. बंधाऱ्याबद्दलचं सगळ्यात कडवट मत तिथे ऐकायला मिळतं आणि ते टाळण्यासारखं नाही. पाणी पुरेसं उतरलं की चांदोरीच्या पात्रातली जुनी दगडी देवळं उघडी पडतात. मधल्या वाटेवर एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आहे, नाशिकचं सांडपाणी आहे आणि त्यावर पोसलेली जलपर्णी आहे. तुझ्या विषयातला 'भूतकाळ' हा शब्द मला म्हणूनच जरा अडचणीचा वाटतो, पण ते तुझं तू बघ.

कागदांचं थोडक्यात. नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८३ चं आहे, म्हणजे बंधाऱ्याच्या आधीचं. निफाड तालुक्यात तेव्हा काय पिकत होतं, नदी कुठे ओलांडत, ते त्यातून काढ. आयोगाचा अहवाल वाच. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशे माग आणि भारतीय सर्वेक्षणाच्या नकाशांवर ठेवून बेटांची वाढ आख. अलीकडच्या वर्षांसाठी उपग्रहाची चित्रं घरबसल्या मिळतात. खात्याकडे पाणीपातळीच्या नोंदवह्या असतात. आधी साधं पत्र दे, नीट बोल; माहिती अधिकाराचा अर्ज लगेच काढू नकोस, कारकून बिथरतात आणि मग नेमकं तेवढंच देतात.

या नोंदवह्या तुला कशाला हव्यात तेही सांगतो. हिवाळी पाहुणे येतात तेव्हाच रब्बीची आवर्तनं चालू असतात. दारणेतून पाणी आलं की चिखल बुडतो, कालवे सुटले की उघडा पडतो. पक्षीगणनेचे आकडे आणि त्या त्या दिवसाची पातळी कुणी शेजारी ठेवून पाहिली तर पुष्कळ कोडी सुटतील. तू ते कर. उन्हाळी आवर्तन केव्हा सुटायचं आहे ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर कळतं. ती तारीख हाती आली की मला कळव. पाणी सुटायच्या दोन दिवस आधी आणि सुटल्यावर दोन दिवसांनी असं दोनदा जायचं आहे. पहिल्या खेपेला मीही येईन, टोपी आणि पाण्याची बाटली तुझी तू आण.

कळावे,

तुझा,
काका