‘जीवनसत्त्वे ही सहविकरे आहेत’ हे विधान बरोबर आहे का?

गिरगावातील एका शिक्षिकेने शाळेच्या विज्ञान-भित्तिपत्रकासाठी लिहिलेले एक वाक्य पाठवून त्यातील शब्दयोजना योग्य आहे का, असे विचारले आहे. वाक्य असे : ‘जीवनसत्त्वे ही सहविकरे आहेत आणि ती चयापचय वाढवतात.’ यातील तिन्ही नामे योग्य आहेत आणि ‘सत्त्व’मधला जोड-त त्यांनी कटाक्षाने राखला आहे, याचे समाधान वाटते. दुरुस्ती हवी आहे ती दोन्ही क्रियापदांत.

विकर म्हणजे पेशीतील रासायनिक अभिक्रियेला गती देणारे प्रथिन. अनेक विकरांचे काम एकट्या प्रथिनावर भागत नाही. त्यांना एका लहान सेंद्रिय रेणूची जोड लागते आणि त्या रेणूला सहविकर म्हणतात. डाळीतून, पालेभाजीतून, हातसडीच्या तांदळातून आपण जे ब जीवनसत्त्व घेतो, तो बहुधा या रेणूचा कच्चा माल असतो. थायामिन, म्हणजे ब-१, पेशीत शिरल्यावर एटीपी या ऊर्जावाहक रेणूकडून दोन फॉस्फेट गट घेते आणि त्याचे थायामिन पायरोफॉस्फेट होते. सहविकर आहे ते हे दुसरे. यीस्टमध्ये ‘कोकार्बॉक्सिलेज’ या नावाने ओळखला जाणारा पदार्थ हाच असल्याचे लोमान आणि शुस्टर या संशोधकांनी १९३७ साली दाखवले. परळच्या गिरणीत आलेल्या कापसाच्या गाठीला कोणी सूत म्हणत नसे. तोच भेद इथे ‘आहेत’ या क्रियापदाने पुसला जातो.

हा भेद जपला की पुढची एक गोष्ट दिसू लागते, आणि मला ती या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एका जीवनसत्त्वाला सक्रिय रूप देणाऱ्या विकराला दुसऱ्या जीवनसत्त्वापासून बनलेले सहविकर लागते. ब-६चे पायरिडॉक्सिन हे रूप आधी फॉस्फेट घेते. त्यानंतर त्याचे पायरिडॉक्सल फॉस्फेट करणारे विकर रायबोफ्लेविनपासून, म्हणजे ब-२पासून, बनलेल्या एफएमएन या सहविकराशिवाय चालत नाही. फॉलिक आम्लाचे टेट्राहायड्रोफोलेट होताना लागणारा हायड्रोजन एनएडीपीएच हे सहविकर पुरवते आणि ते नायसिनपासून, म्हणजे ब-३पासून, बनते.

फॉलिक आम्लाचा विषय मुंबईत निघाल्यावर इंग्रज डॉक्टर ल्युसी विल्स यांचे नाव घ्यायलाच हवे. १९२८पासून पुढे काही वर्षे त्यांनी या शहरात गरोदर स्त्रियांच्या, त्यांतही गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या, तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. हाफकिन संस्थेत राहून प्रयोग केले आणि यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे १९३१मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी घटक फोलेट होता, हे पुढे कळले. टेट्राहायड्रोफोलेट एका कार्बनचा गट एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोचवते. त्याच्याविना डीएनएमधील थायमिन पुरेसे बनत नाही, म्हणून अस्थिमज्जेतील झपाट्याने विभागणाऱ्या पेशी आधी अडतात आणि तांबड्या पेशी संख्येने कमी व आकाराने मोठ्या होतात. (डीएनएमधील थायमिन निराळे आणि ब-१ म्हणजे थायामिन निराळे, मराठीत लिहिताना हा एक काना जपावा.)

‘आहेत’ऐवजी ‘पासून बनतात’ लिहिले, तरी ते सर्व जीवनसत्त्वांना लागू होत नाही. ड जीवनसत्त्व आधी यकृतात, मग मूत्रपिंडात बदलते आणि संप्रेरकासारखे काम करते. अ जीवनसत्त्वाचे एक रूप दृष्टिपटलात प्रकाश टिपण्यासाठी वापरले जाते. क जीवनसत्त्व काही विकरांना मदत करते, मात्र त्यासाठी त्याला आधी रूप बदलावे लागत नाही. उलट लिपोइक आम्ल सहविकर असूनही जीवनसत्त्व ठरत नाही, कारण शरीर ते स्वतः तयार करते.

आता ‘वाढवतात’ हे दुसरे क्रियापद. ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या पायरुव्हेटपासून ॲसिटिल कोएन्झाइम ए बनवणाऱ्या विकर-संकुलाला पाच सहविकरे लागतात. एक लिपोइक आम्ल आणि उरलेली चार ब-१, ब-२, ब-३ व ब-५ यांपासून बनलेली. त्यांतले एक जरी कमी पडले, तरी ग्लुकोजपासून ऊर्जा मिळण्याचे काम या टप्प्यावर अडखळते. शरीरात ती पुरेशी असताना मात्र जीवनसत्त्वांच्या आणखी गोळ्या घेतल्याने हे काम अधिक वेगाने होत नाही, कारण विकरांवरील सहविकरांच्या जागा आधीच भरलेल्या असतात. जीवनसत्त्वांमधून उष्मांकही मिळत नाहीत, त्यामुळे ‘ऊर्जा देतात’ हा जाहिरातींतून रूढ झालेला प्रयोगही भित्तिपत्रकावर नसावा. मी ते वाक्य असे लिहीन : ‘बहुतेक ब जीवनसत्त्वांपासून शरीरात सहविकरे बनतात आणि चयापचय सुरळीत चालण्यासाठी ती आवश्यक असतात.’

या वाक्याशेजारी जठराचे चित्र काढण्याचा त्यांचा विचार आहे; ते मात्र बदलावे. ‘चयापचय’ या शब्दात ‘पच’ ही अक्षरे ऐकू येत असल्यामुळे त्याचा संबंध पचनाशी जोडला जातो, पण त्याची फोड ‘चय’ आणि ‘अपचय’ अशी आहे : चय म्हणजे साध्या रेणूंपासून जटिल रेणूंची बांधणी, अपचय म्हणजे जटिल रेणूंचे विघटन. ही दोन्ही कामे शरीरातल्या प्रत्येक जिवंत पेशीत चालतात, आणि वर सांगितलेले पाच सहविकरांचे संकुल पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) असते, तेव्हा तिथे तंतुकणिका दाखवलेली पेशी काढणे योग्य होईल.