जुन्या एसयूव्हीचा ऑक्सिजन सेन्सर घरी बदलताना

मागच्या वेळी चेक इंजिनच्या दिव्याबद्दल लिहिलं. त्यावर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त ऑक्सिजन सेन्सरचेच, म्हणजे धुराच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचेच आहेत. त्यातले पाच घेतो.

प्रश्न : माझी २०१३ ची पेट्रोल डस्टर १ लाख २० हजार किलोमीटर चालली आहे. स्कॅनरवर पी ०१३५ हा कोड येतो. गॅरेजवाले दोन्ही सेन्सर बदला म्हणतात. मी घरी बदलू शकेन का? आणि दोन्ही लागतील का? (सांगली)

बदलू शकाल. पण पाना हातात घेण्याआधी मल्टीमीटर घ्या. पी ०१३५ चा अर्थ एवढाच की पुढच्या, म्हणजे इंजिनाजवळच्या, सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. सेन्सरच गेला असं त्यातून ठरत नाही. ही चूक रोज होते आणि चांगला सेन्सर कचऱ्यात जातो.

सेन्सरच्या टोकात झिर्कोनिया नावाचं सिरॅमिक असतं. ते ३०० अंशांच्या वर तापलं की काम करू लागतं. गार इंजिनात ते लवकर तापावं म्हणून आत हीटर दिलेला असतो. सेन्सरच्या वायरींचा कपलर, म्हणजे जोड, सोडवा. सेन्सरकडून येणाऱ्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या. त्या दोन पिनांमधला रोध मोजा. सेन्सर गार असताना तो साधारण ३ ते १५ ओम भरतो. नेमका आकडा सेन्सरच्या बनावटीप्रमाणे बदलतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला आहे, सेन्सर बदला. रोध ठीक असेल तर इंजिन चालू करून गाडीच्या बाजूच्या कपलरवर १२ व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर फ्यूज, रिले आणि वायरिंग तपासा. गाडी शेताजवळ किंवा गोदामाजवळ उभी राहत असेल तर आधी उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते पाहा.

मागच्या सेन्सरचा कोड नसेल तर त्याला हात लावू नका.

प्रश्न : २०१० च्या ग्रँड व्हिटाराचा सेन्सर गेला आहे हे तपासून पक्कं केलं. नवा आणला, पण जुना जागचा हलत नाही. गंज खूप आहे. (रत्नागिरी)

समुद्राकाठच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. या कामात नव्वद टक्के वेळ जुना सेन्सर काढण्यातच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आदल्या रात्री, पाइप पूर्ण गार असताना, आट्यांच्या कडेनं गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तापलेल्या पाइपवर हे तेल कधीही मारू नका, ते पेट घेतं. सकाळी इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा. पाइप कोमट-गरम हवा, लालबुंद नको. जाड हातमोजे घाला. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड आणि गाडीखाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड), एवढं झाल्याशिवाय खाली जायचं नाही.

पाना बहुतेक २२ चा लागतो. उघड्या तोंडाचा वापरू नका, कडा झिजल्या की पकड कायमची गेली. वायरीसाठी फट असलेला सेन्सरचा सॉकेट मिळतो. पण जुना सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर सरळ वायर कापा आणि बंद रिंगपाना चढवा. फटीचा सॉकेट जोर लावल्यावर फाकतो, रिंगपाना फाकत नाही.

सुटताना 'टक्' असा आवाज येतो. तो आला की अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, पाइप गार होऊ द्या, मगच तेल टाका, थांबा, पुन्हा सोडा. माझ्या पहिल्या वेळी मी गार पाइपवर पान्याला लांब नळी लावून एका दमात सेन्सर काढला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्याभोवती चांदीसारखी चकाकणारी बारीक तार गुंडाळलेली दिसली. ते पाइपातले आटे होते. तुमचे आटे थोडे खराब झाले असतील तर १८ गुणिले १.५ मिलिमीटरच्या टॅपनं (आटे पाडायच्या हत्यारानं) साफ होतात. पार गेले असतील तर सायलेन्सरवाल्याकडून नवी रिंग वेल्ड करून घ्यावी लागते.

जुन्याचं टोक उजेडात बघा. कोरडी काळी काजळी असेल तर इंजिन पेट्रोल जास्त ओढतंय. पांढरा खडूसारखा थर असेल तर कूलंट जळतंय किंवा कुणीतरी साधं सिलिकॉन सीलंट वापरलंय. ते कारण दूर केलं नाही तर नवाही तसाच मरेल.

नवा बसवताना पहिले तीन-चार फेरे हातानंच फिरवा. आट्यांना बहुधा कारखान्यातूनच पेस्ट लावलेली असते, आणखी काही लावू नका. टोकाला बोट लागू देऊ नका. साधारण ४० न्यूटन-मीटरवर आवळा. वायरीला पीळ पडू देऊ नका, आणि ती पाइपपासून लांब तिच्याच क्लिपमध्ये बसवा.

प्रश्न : बोलेरो डिझेल, जुनी, मेकॅनिकल पंपाची. धूर काळा आणि ॲव्हरेज पडलं. ऑक्सिजन सेन्सर बदलू का? (बीड)

या इंजिनात तो नाहीच. एअर फिल्टर, टर्बोचे होज आणि नोझल बघून घ्या.

प्रश्न : पी ०४२० येतोय. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, मागच्या सेन्सरखाली स्पेसर लावू, दिवा जाईल. दुसरा म्हणतो, सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून साफ करू. (नाशिक)

दोन्ही नको. पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अर्थात पाइपातला धूर शुद्ध करणारा भाग, नीट काम करत नसल्याचा कोड. स्पेसर म्हणजे सेन्सरला धुरापासून थोडं लांब धरणारा तुकडा.

पुढचा सेन्सर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण राखतो, वजनानं १४.७ ला १. हे प्रमाण सतत थोडं पुढे-मागे होत असतं, म्हणून त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भरभर हलतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठीक असेल तर त्याच्या मागच्या सेन्सरपर्यंत हे हेलकावे पोचत नाहीत आणि तो ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचत असेल तर दोष कन्व्हर्टरचा. मागचा सेन्सर खरं सांगतोय, आणि स्पेसर लावून त्याचं तोंड दाबायचं चाललंय. सायलेन्सरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड त्यानं एका कणानंही कमी होत नाही. तो आपल्याच गल्लीतली मुलं श्वासातून घेतात. शिवाय बीएस-४ पेट्रोल गाडीची पीयूसी करताना हाय आयडलवर (उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे वाढवून) कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे अचूक) ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो. स्पेसर तिथे कामाला येत नाही. कन्व्हर्टरवर खर्च करण्याआधी मात्र दोन सेन्सरांच्या मधे पाइप कुठे फुटलाय का ते तपासा. बारीक गळतीनंही हा कोड येतो.

साफ करण्याबद्दल : वरची काजळी पुसली जाते, पण सिलिकॉन किंवा शिसं आत भिनलेलं असतं, ते निघत नाही. हा सेन्सर बॉशनं १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा दिला, तेव्हापासून शिसं त्याचं वैरी आहे. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून देशभरातल्या पंपांवर फक्त शिसं नसलेलं पेट्रोल मिळू लागलं, तेव्हा कुठे या गाड्यांचे सेन्सर टिकू लागले.

प्रश्न : २००६ ची टोयोटा फोररनर व्ही-६ आहे. 'बँक २ सेन्सर १' असा कोड आहे. खाली चार सेन्सर दिसतात. कोणता? आणि वायर जोडून घ्यायचा स्वस्त युनिव्हर्सल चालेल का? (न्यू जर्सी)

ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर ती बँक १, समोरची बँक २. इंजिनाजवळचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, तो सेन्सर १. डावी-उजवी अंदाजानं ठरवू नका. सिलिंडरचे नंबर तुमच्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. चुकीच्या बाजूचा काढला की दिवा तसाच राहतो आणि हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजलेला चांगला सेन्सर उगाच तुटतो.

युनिव्हर्सल घेऊ नका. तुमच्या गाडीत पुढचे दोन एअर-फ्युएल सेन्सर आहेत. ते व्होल्टेज नाही, करंटच्या भाषेत बोलतात. तिथे साधा ऑक्सिजन सेन्सर बसवला तर इंजिनाचा संगणक गोंधळतो. मागच्या जागीही मूळ कपलर असलेलाच घ्या. बऱ्याच सेन्सरांना धुराशी तुलना करायला लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच मिळते. वायर कापून तिला डाग दिला की ती वाट बंद होते.

बसवून झाल्यावर कोड पुसा आणि दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, थोडं हायवेवर, थोडं गावात. मग स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, बघा. तो अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल आणि कोड परत आला नसेल तर हत्यारं जागेवर ठेवायला हरकत नाही.