रायझन ५ ३६०० ओव्हरक्लॉक करताना सुरक्षित आणि स्थिर व्होल्टेज कसे ठरवावे?

तुम्ही नांदेडहून विचारले आहे की, तुमच्याकडे एएमडीचा रायझन ५ ३६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आणि बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आहे, लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग लवकर व्हावे म्हणून सर्व कोअर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने, ४.४ गिगाहर्ट्झवर चालवायचे आहेत, घरातल्या लाइटचे व्होल्टेज कमी-जास्त होते त्याचा यावर परिणाम होतो का हेही जाणून घ्यायचे आहे, आणि बायॉस (मदरबोर्डची मूळ सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम) 'ऑटो'वर असताना स्क्रीनवर अधूनमधून १.४५ व्होल्ट दिसतात, तर मग कायमचे १.४० टाकायला काय हरकत आहे.

हरकत आहे. १.४० कायमचे टाकू नका. 'ऑटो'वर दिसणारे १.४५ आणि हाताने टाकलेले १.४० यांत मूलभूत फरक आहे, आणि तो समजला की पुढच्या बऱ्याच शंका उरणार नाहीत.

प्रोसेसर स्वतःच्या देखरेखीखाली चालतो तेव्हा तो तापमान, आतून वाहणारा प्रवाह आणि कामाचा भार सतत तपासत असतो. फोल्डर उघडणे, ब्राउझर सुरू करणे असे हलके काम असेल, तर एखाददुसराच कोअर क्षणभर पळवायचा असतो आणि एकूण प्रवाह कमी असतो. अशा वेळी हा प्रोसेसर १.४५ किंवा त्याहून थोडे जास्त व्होल्टेज मागतो आणि काम होताच खाली उतरतो. सहाही कोअर पूर्ण भाराने चालू लागले, की तोच प्रोसेसर ते स्वतःहून बरेच खाली आणतो, कारण चिपमधल्या सूक्ष्म तारांची आणि ट्रान्झिस्टरची झीज व्होल्टेज, प्रवाह आणि उष्णता या तिघांनी मिळून होते, एकट्या व्होल्टेजने नव्हे. बायॉसमध्ये ठराविक मल्टिप्लायर (ज्याला १०० मेगाहर्ट्झने गुणले की प्रोसेसरची वारंवारिता मिळते) आणि ठराविक व्होल्टेज टाकल्यावर ही देखरेख सुटते. मग दोन-दोन तासांच्या एक्सपोर्टमध्ये सहाही कोअरना तेवढेच व्होल्टेज मिळत राहते आणि ते कमी करणारे कोणी राहत नाही.

आता हिशेब पाहू. प्रोसेसरला लागणारी वीज साधारणपणे वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा तुमची चिप ४.२ गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्टवर स्थिर राहते आणि ४.४ साठी तिला १.४० लागतात. वेग वाढला पावणेपाच टक्के. वीज मात्र सुमारे ३१ टक्क्यांनी वाढली, आणि तेवढीच उष्णता. एक तासाच्या एक्सपोर्टमध्ये फार तर तीन मिनिटे वाचतील. त्यासाठी उन्हाळाभर प्रोसेसर तापवत ठेवणे मला पटत नाही, आणि मी परभणीत ज्या एडिटिंगवाल्यांना संगणक जोडून देतो त्यांनाही हेच सांगतो.

जास्त व्होल्टेजने चिप जाते ही नुसती ऐकीव भीती नाही. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्यावर एएमडीने मदरबोर्ड कंपन्यांना नवे बायॉस देऊन एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकासारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३० ची मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे पुढे आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) १.५५ व्होल्टच्या वरची मागणीच रोखली. तुमचा प्रोसेसर या दोन्हींपैकी नाही, पण यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : मदरबोर्डची 'ऑटो' सेटिंग ही प्रत्येक वेळी सुरक्षिततेची हमी नसते. शिवाय ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.

सुरक्षित व्होल्टेजचा आकडा दुसऱ्याच्या संगणकावरून उचलता येत नाही. एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या दोन ३६०० मध्येही फरक निघतो. म्हणून आधी स्वतःच्या चिपलाच विचारावे. बायॉस मूळ सेटिंगवर आणा, त्यात प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरला स्वतःहून अधिक वेग घेऊ देणारी एएमडीची सोय) सुरू करून त्याच्या वीज आणि प्रवाहाच्या मर्यादा तेवढ्या वाढवा, वारंवारिता आणि व्होल्टेज यांना हात लावू नका, आणि प्रोसेसरवर जड भार टाकणाऱ्या प्राइम९५ या प्रोग्रामची 'स्मॉल एफएफटी' चाचणी लावून, व्होल्टेज-तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यू-इन्फो मध्ये 'एसव्हीआय२ टीएफएन' नावाच्या ओळीतले कोअर व्होल्टेज पाहा. सर्वांत जड भारात प्रोसेसर स्वतःला जास्तीत जास्त किती व्होल्टेज घेऊ देतो हे तिथे दिसते. ही चाचणी थोडाच वेळ चालवा आणि तापमान ९० अंशांकडे जाऊ लागले तर लगेच थांबवा, कारण या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. मिळालेला आकडा १.२९ असो की १.३१, तीच तुमची वरची सीमा समजा. आकडा कितीही चांगला आला तरी सर्व कोअरसाठी १.३२५ च्या वर मी स्वतः जात नाही.

व्होल्टेज कुठे वाचायचे याबद्दल काटेकोर राहा. बायॉसमध्ये टाकलेला आकडा आणि प्रोसेसरपर्यंत पोहोचणारा आकडा एक नसतो. भार आला की व्होल्टेज थोडे पडते. ही पड भरून काढण्यासाठी मदरबोर्डमध्ये लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सेटिंग असते. ती सर्वांत कडक ठेवण्याचा मोह होतो, कारण मग पडद्यावर व्होल्टेज स्थिर दिसते. पण भार एकदम सुटतो त्या क्षणी व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळी घेते, आणि ही उसळी इतकी अल्पकालीन असते की सॉफ्टवेअर ती पकडू शकत नाही. म्हणून ही सेटिंग मधल्या पातळीवर ठेवावी आणि थोडी पड सोसावी. काही कंपन्यांच्या बोर्डात १ ही पातळी सर्वांत कडक असते, तर काहींच्यात सर्वांत सौम्य, तेव्हा बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका पाहिल्याशिवाय त्यात बदल करू नका.

त्यानंतर प्रत्यक्ष शोध सुरू करावा. बायॉसमध्ये व्होल्टेज १.२५ ठेवा, मल्टिप्लायर ४१ करा आणि सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामची दहा मिनिटांची फेरी चालवा. ती पार पडली तर मल्टिप्लायर २५ शतांशांनी वाढवा. अडखळेल तिथे व्होल्टेज एकेका पायरीने चढवा. या बोर्डांवर पायरी बहुधा ०.००६२५ व्होल्टची असते, तेव्हा घाईने मोठी उडी मारण्याचे कारण नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल वहीत लिहा : वारंवारिता, बायॉसमधले व्होल्टेज, भाराखालचे व्होल्टेज, कमाल तापमान, सिनेबेंचचे गुण, आणि खोलीचे तापमान. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. आपल्या भागात तोच सर्वांत उपयोगी पडतो.

सिनेबेंचचे गुण लिहिण्यामागेही कारण आहे. व्होल्टेज थोडे कमी पडले तर हा प्रोसेसर दर वेळी बंद पडतोच असे नाही; कधीकधी तो आतल्या आत घड्याळाचे ठोके लांबवतो. अशा वेळी पडद्यावर ४.३ गिगाहर्ट्झ झळकत राहतात, पण काम त्याहून कमी वेगाने होते. माझ्या बाकावरच्या एका ३६०० वर हे स्पष्ट दिसले होते : ४.३ ला १.२७५ व्होल्ट दिले तेव्हा संगणक कुठेही अडकला नाही, मात्र सिनेबेंचचे गुण ४.२ पेक्षाही खाली आले, १.३० देताच ते अपेक्षेप्रमाणे वर गेले. एचडब्ल्यू-इन्फो मध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' हा वेगळा रकाना असतो. पूर्ण भाराखाली तो ठरवलेल्या वारंवारितेच्या अगदी जवळ असला पाहिजे. 'संगणक बंद पडला नाही' एवढ्यावर स्थिरता सिद्ध होत नाही.

अंतिम सेटिंग ठरली की चाचण्या लांबवाव्या लागतात. प्राइम९५ किंवा तसाच ओसीसीटी हा प्रोग्राम काही तास चालवा, मग तुमचेच एक मोठे एक्सपोर्ट लावा, कारण एडिटिंगचा भार एकसारखा नसतो. तो चढतो आणि उतरतो, आणि बिघाड नेमका त्या चढउतारात उघडा पडतो. सगळे पार पडल्यावर विंडोजचा इव्हेंट व्ह्युअर उघडून 'सिस्टीम' नोंदींत 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाची ओळ शोधा. प्रोसेसरने चूक केली आणि ती स्वतःच दुरुस्त केली, तरी तिथे नोंद पडते. अशी एक जरी नोंद दिसली तरी सेटिंग स्थिर नाही असेच समजावे. मग व्होल्टेज तुमच्या सीमेच्या आत असेल तर दोन पायऱ्या वाढवा, नाहीतर वारंवारिता कमी करा.

मराठवाड्यात राहणाऱ्याने ऋतूचा विचार सर्वांत गांभीर्याने करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि जानेवारीच्या पहाटे परभणीत तो एक आकडी होतो. खोली जितक्या अंशांनी तापते तितक्या अंशांनी प्रोसेसरही तापतो, खरे तर थोडा अधिकच, कारण तापलेल्या चिपमधून वीज जास्त झिरपते आणि ती पुन्हा उष्णता वाढवते. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ७२ अंशांवर थांबणारा प्रोसेसर मे महिन्यात ३९ अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जातो. त्याच वेळी, तापलेल्या चिपला तीच वारंवारिता टिकवायला बऱ्याचदा किंचित जास्त व्होल्टेज लागते. म्हणजे हिवाळ्यात पक्की वाटलेली सेटिंग उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी तोकडी पडते. तुमची खोली पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असेल तर हे आणखी तीव्र होते. शेवटची चाचणी शक्यतो वैशाखातल्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घ्या. हिवाळ्यात घ्यावीच लागली, तर भाराखालचे तापमान ७० च्या आतच राहील एवढी वारंवारिता ठेवा आणि गुढीपाडव्यानंतर ऊन चढले की पुन्हा तपासा. ३६०० बरोबर येणारा लहान हीटसिंक उन्हाळ्यात हाताने केलेल्या ओव्हरक्लॉकला पुरत नाही. व्होल्टेजच्या मागे लागण्याआधी मोठा हीटसिंक आणि कॅबिनेटमधून हवा खेळती ठेवणारे दोन चांगले पंखे घ्या. खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ती ओलसर हवा धुळीला चिकट बनवते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा थर बसतो.

लाइटबद्दलही तुम्ही विचारले आहे. घरात व्होल्टेज कमी-जास्त होते म्हणून कोअर व्होल्टेज कमी-जास्त होत नाही. एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा) आधी १२ व्होल्ट तयार करतो आणि मदरबोर्डवरचा व्हीआरएम (व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग) त्यातून प्रोसेसरला हवे तेवढे देतो. १२ व्होल्टची ओळ भाराखाली ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहिली पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये ती याबाहेर दिसली तर मल्टिमीटरने खात्री करून घ्या, आणि तसेच असेल तर आधी एसएमपीएस बदला. इन्व्हर्टरवर संगणक असेल तर तो 'यूपीएस मोड'वर आहे ना, हेही पाहा. नसेल तर लाइट जाताना संगणक रीस्टार्ट होईल आणि दोष ओव्हरक्लॉकवर जाईल. इव्हेंट व्ह्युअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद लाइट गेल्यावरही पडते, तेव्हा केवळ ती पाहून व्होल्टेज वाढवू नये.

रॅमची एक्सएमपी सेटिंग (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी) प्रोसेसरच्या आधी, वेगळी तपासून घ्यावी, नाहीतर चूक नेमकी कोणाची हे कळत नाही. डीडीआर४ रॅमला ३६०० वेगाच्या एक्सएमपीवर सहसा १.३५ व्होल्ट लागतात आणि ते ठीक आहे. मात्र काही बोर्ड त्याबरोबर एसओसी व्होल्टेजही विनाकारण चढवतात. ते हाताने १.१० च्या आसपास ठेवून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ चालवावे.

माझ्या अंदाजाने तुमची चिप १.२५ ते १.३० मध्ये ४.२ किंवा ४.२५ वर छान बसेल, आणि ४.४ सोडून द्यावे लागेल. एवढीही खटपट नको असेल, तर वारंवारिता प्रोसेसरवरच सोडा, हीटसिंक मोठा घ्या आणि रॅम ३६०० वर चालवा. एक्सपोर्टमध्ये थोडाच फरक पडेल, आणि टाइमलाइनवरचे हलके काम जवळपास तेवढ्याच वेगाने होईल, कारण एका कोअरची ४.२ पर्यंतची स्वतःची झेप आणि निवांत असताना व्होल्टेज उतरवण्याची सोय, दोन्ही तुमच्याकडे राहतील.

सेटिंग पक्की झाल्यावर बायॉसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, कारण बायॉस अपडेट केले की सगळे पुसले जाते. आणि एक गोष्ट वर्ष-दोन वर्षे ध्यानात ठेवा : खोलीचे तापमान तेच, धूळ साफ केलेली, थर्मल पेस्ट नवी, आणि तरीही पूर्वी चालणाऱ्या सेटिंगवर डब्ल्यूएचईए च्या नोंदी पडू लागल्या, तर चिप झिजू लागली आहे असे समजा. अशा वेळी व्होल्टेज वाढवले तर ती आणखी वेगाने झिजेल. वारंवारिता १०० मेगाहर्ट्झने खाली आणा, व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवा आणि वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून पुन्हा सगळ्या चाचण्या घ्या.